काचेची नळी आणि 20 मिनिटं

सापाचं विष रक्तात भिनलंय का, हे सांगणारी एक चाचणी खिशात मावते. कोरी, कोरडी काचेची नळी आणि घड्याळ, बस्स!

शिरेतलं 2 मिली ताजं रक्त नळीत घ्यायचं, 20 मिनिटं हात लावायचा नाही, मग नळी एकदाच तिरकी करायची. रक्त पातळच राहिलं, तर घोणस किंवा फुरशाच्या विषानं रक्त गोठवणारे घटक संपवलेत, असं समजून डॉक्टर अँटिव्हेनम सुरू करतात. फुरशांच्या कोकणात तर ही नळी लाखमोलाची. ती काचेचीच हवी. काच गोठण्याला चालना देते, प्लास्टिक देत नाही. साबणानं धुतलेली नळीही दगा देते.

नाग-मण्यारचं विष मज्जासंस्थेवर जातं. तिथे रक्त व्यवस्थित गोठतं. डॉक्टर जड झालेल्या पापण्या पाहतात.

अँटिव्हेनमनंतर 6 तासांनी पुन्हा तीच चाचणी.