मालिका किती, नि वेळ केवढा!

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, तेव्हा वाहिनी एकच होती. ज्याच्या घरी संच त्याच्या ओटीवर आळी जमायची आणि जे लागेल ते पाहायची. आता वसईकडल्या कळंबसारख्या किनाऱ्यावरच्या गावातसुद्धा वाहिन्यांना तोटा नाही. फोनवर तर एक भाग संपतो न संपतो तोच दुसरा आपोआप सुरू होतो!

जरा हिशेब मांडू या. रोज अर्धा तास, आठवड्यातून सहा दिवस, म्हणजे एका मालिकेला आठवड्याचे ३ तास. अशा पाच पाहिल्या तर १५ तास, वर्षाचे ७८० तास. अहोरात्र धरले तरी साडेबत्तीस दिवस! गुरुजींनी हे गणित मुलांकडूनच सोडवून घ्यावे. पहाटे मासळीसाठी किंवा वाडीच्या शिंपण्यासाठी उठणाऱ्याने हे तास आणायचे कोठून? ते झोपेतूनच जातात.

मग करावे काय? १९५६ साली पुणे आकाशवाणीने सुमारे दीडशे खेड्यांत श्रोतृमंडळे चालवली. कार्यक्रम अवघे वीस. पण मंडळी एकत्र बसून ऐकत, त्यावर बोलत आणि गावात काय करायचे ते ठरवीत.

तीच रीत घरी लावा. रविवारी सर्वांनी मिळून आठवड्याच्या दोन मालिका निवडाव्या, एकत्र पाहाव्या, त्यांवर चार शब्द बोलावे आणि संच बंद करावा. बाकीच्या खुशाल राहू द्या. राहिलेली मालिका म्हणजे काही थकलेला शेतसारा नव्हे!