काळी बुरशी काळी नसतेच

डब्यात विसरलेला पाव आठवतोय? वर पांढरट कापूस, त्यात बारीक काळे ठिपके. त्याच रायझोपस कुळातल्या बुरशीने २०२१ च्या उन्हाळ्यात, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, ‘म्युकर’ ऊर्फ ‘काळी बुरशी’ हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोचवला.

नवल म्हणजे हिचे बीजाणू आपल्या सगळ्यांच्याच नाकात जातात. पांढऱ्या पेशी त्यांचा निकाल लावतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. मग बिघडतं कुठे? लोहापाशी! वाढायला बुरशीला लोह हवं. रक्तात ते असतं, पण ट्रान्सफेरिन नावाचं प्रथिन ते मुठीत आवळून बसलेलं असतं. मधुमेह हाताबाहेर जाऊन रक्तात आम्ल साचलं की ती मूठ सैल पडते. कोविडमध्ये स्टिरॉइडमुळे साखर चढली आणि पहारेकरी पेशीही सुस्तावल्या. बुरशीला पंगतच मिळाली.

आता नाकापासून मेंदूपर्यंतची वाट बघा. नाकालगतची सायनस पोकळी आणि डोळ्याची खोबण यांच्यामधल्या हाडाच्या लॅटिन नावाचा अर्थच ‘कागदी पापुद्रा’! नाकाचं छत तर अक्षरशः चाळणी, गंधाचे तंतू तिच्या भोकांतून वर जातात. पण बुरशीला भिंत फोडायचीही गरज नसते. ती रक्तवाहिनीत शिरते, मज्जातंतूंना धरून सरकते.

डोळ्यांमागे, कवटीच्या तळाशी, अशुद्ध रक्ताचा एक डोह आहे: कॅव्हर्नस सायनस. मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी चक्क त्या डोहातून जाते, डोळा फिरवणाऱ्या आणि गालाची संवेदना नेणाऱ्या नसाही तिथूनच. म्हणून बुरशी इथे पोचली की पापणी गळते, एकाचे दोन दिसतात, गाल बधिर होतो. धमनीत गुठळी झाली तर? दुखणं नाकातलं, आणि उचलेनासा होतो हात!

आणि तो काळा रंग? शरीरात वाढलेली ही बुरशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसते रुंद, फिकट फितीसारखी. काळं पडतं ते आपलंच, रक्तावाचून मेलेलं मांस.

इथेच उपचाराची खरी अडचण आहे. अँफोटेरिसिन हे औषध व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या एका जिवाणूपासून मिळालं. (मातीतल्या बुरशीवर मातीतलाच उतारा!) पण औषध जाणार रक्तातून, आणि रक्ताची वाट तर बुरशीने बुजवलेली. म्हणून सर्जन मेलेला भाग खरवडत जातात. ताजं रक्त वाहू लागलं की तिथे हात थांबतो.