इंजिन रुसलंय की इंधन बिघडलंय?

रविवारची सकाळ. मैदान मोकळे आहे, वाराही पडला आहे. महिनाभर खपून बनवलेले बाल्साचे विमान गवतावर ऐटीत उभे आहे. तुम्ही ग्लो प्लगला बॅटरी जोडता, प्रोपेलरला झटका देता. 'फट्!' पुन्हा झटका. 'फट् फट् फुर्रर्र...' आणि एकदम गप्प!

मग सल्ले सुरू होतात. एक म्हणतो, "प्लग गेला." दुसरा म्हणतो, "छे रे, पिस्टनच झिजलाय!" तिसरा तर पाना घेऊनच पुढे येतो. थांबा! पाना आधी खाली ठेवा. धडधाकट इंजिन उगीच खोलल्यामुळे बिघडते, असे पुष्कळदा घडते. खरा गुन्हेगार कधीकधी डब्यात लपलेला असतो. तो म्हणजे इंधन. त्याला पुराव्यानिशी कसे पकडायचे, तेच आज आपण पाहू या.

अंगठ्याएवढे इंजिन, सेकंदाला दोनशे स्फोट

आज बहुतेक मॉडेल विमाने विजेच्या मोटारीवर उडतात. तरीही छोट्या ग्लो इंजिनाची मजा काही औरच! अमेरिकेतल्या कॉक्स कंपनीचे '049' हे इंजिन त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. कारखान्यातले त्याचे उत्पादन आता बंद झाले आहे. पण अनेक हौशी लोकांनी ही इंजिने जपून ठेवली आहेत. 049 म्हणजे 0.049 घनइंच, अर्थात जेमतेम 0.8 घन सेंटिमीटर. चहाच्या चमच्यात मावेल, त्याच्या सहाव्या भागाइतकीच ही जागा!

हे इंजिन दोन-फटक्यांचे, म्हणजे टू-स्ट्रोक असते. दर फेरीला एक स्फोट. मिनिटाला बारा हजार फेऱ्या धरल्या, तर सेकंदाला किती स्फोट झाले? बारा हजार भागिले साठ, म्हणजे दोनशे! इतक्या घाईच्या कामात इंधनाने थोडीशी जरी कुचराई केली, तरी सगळा ताल बिघडणारच.

या इंजिनाला स्कूटरसारखा ठिणगी पाडणारा प्लग नसतो. त्याच्या ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनमच्या मिश्रधातूची बारीक तार असते. अमेरिकेतल्या रे आर्डेन यांनी असा प्लग 1947 साली बाजारात आणला. सुरुवातीला दीड व्होल्टच्या बॅटरीने ती तार लालभडक करायची. इंजिन सुरू झाले की बॅटरी काढून घ्यायची. मग तार विझत कशी नाही? गंमत इथेच आहे. इंधनातल्या मिथेनॉलची वाफ प्लॅटिनमला लागली की तिथे रासायनिक क्रिया होऊन उष्णता निर्माण होते. तिला स्फोटाच्या उष्णतेची जोड मिळते आणि तार धगधगत राहते. पेट्रोलच्या बाबतीत असे घडत नाही. म्हणून "मिथेनॉल नाही, तर घाल थोडं पेट्रोल" हा सल्ला या इंजिनाला चालत नाही.

डब्यात असते तरी काय?

ग्लो इंधनात तीन गोष्टी असतात. पहिली मिथेनॉल, हे मुख्य जळण. दुसरी तेल. टू-स्ट्रोक इंजिनात वंगणासाठी वेगळी टाकी नसते, म्हणून तेल इंधनातच मिसळावे लागते. तिसरी नायट्रोमिथेन. त्याच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो. त्यामुळे इंजिन चटकन सुरू होते आणि जोरही वाढतो. छोट्या 049 इंजिनांना नायट्रोमिथेन जरा जास्त आवडते. उदाहरणार्थ, शंभर भागांत 55 भाग मिथेनॉल, 20 भाग तेल आणि 25 भाग नायट्रोमिथेन. पण ते नसले तर इंजिन चालतच नाही, असे मात्र नाही. एफ.ए.आय. या जागतिक हवाई क्रीडा संघटनेच्या दोरीवरच्या विमानांच्या वेग-स्पर्धेत 80 भाग मिथेनॉल आणि 20 भाग एरंडेल एवढेच इंधन देतात.

एरंडेल? हो, तेच ते! आजी नाक धरून पाजायची तेच. ते मिथेनॉलमध्ये छान विरघळते, साधे खनिज तेल विरघळत नाही. शिवाय इंजिन खूप तापले तरी एरंडेल धातूला धरून राहते. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या गरगर फिरणाऱ्या रोटरी इंजिनांतही एरंडेलच वापरत. ते धुराबरोबर बाहेर फेकले जाई आणि वैमानिकाच्या चेहऱ्यावर उडे!

इंधन बिघडते कसे?

पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते, हे तुम्ही पाहिले असेल. मीठ जसे हवेतला ओलावा ओढून घेते, तसेच मिथेनॉलही घेते. डब्याचे झाकण सैल राहिले, तर जुलै महिन्यातल्या मुंबई-कोकणच्या दमट हवेत ते हळूहळू पाणी पीत बसते. पेट्रोलमध्ये पाणी गेले तर ते तळाशी वेगळे दिसते. मिथेनॉलमध्ये ते पूर्ण मिसळून जाते. त्यामुळे इंधन वरून अगदी साजूक दिसते! पाणी फारच झाले तर एरंडेल वेगळे होऊ लागते आणि इंधन गढूळ दिसते. थंडीनेही कधी असा गढूळपणा येतो. म्हणून लक्षात ठेवा: गढूळ दिसले तर संशय घ्यायचा; पण स्वच्छ दिसले म्हणून लगेच विश्वास टाकायचा नाही.

हे पाणी करते काय? वाफ होताना ते उष्णता खाते. प्लगची तार थंड पडते आणि इंजिन अडखळते.

दुसरे कारण म्हणजे वाफ. मिथेनॉल 65 अंश सेल्सिअसला उकळते, नायट्रोमिथेन 101 अंशांना, आणि तेल तर उडतच नाही. उघड्या भांड्यातून मिथेनॉल आधी पळून जाते. उरलेल्या मिश्रणाचे प्रमाणच बदलते.

तिसरे कारण ऊन. नायट्रोमिथेनला उजेड मानवत नाही. पारदर्शक बाटली खिडकीत ठेवू नये, ती यासाठीच.

आणि चौथे, कचरा! नीडल व्हॉल्व्हची वाट इतकी अरुंद असते की कापसाचा एक धागासुद्धा ती अडवतो. म्हणून इंधन जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायचे नाही. त्यासाठी बारीक जाळीची गाळणी मिळते.

लक्षणे ओळखा

डॉक्टर आधी नाडी बघतात, मग औषध देतात. आपणही तसेच करू.

*इंजिन सुरूच होत नाही.* आधी मोठ्या माणसाकडून प्लग बाहेर काढून घ्या आणि बॅटरी लावून पाहा. तार नारिंगी रंगाची चमकते का? नसेल, तर बॅटरी किंवा प्लग दोषी. तार छान चमकत असेल, तर इंधनावर संशय घ्या.

*बॅटरी काढताच बंद पडते.* प्लग म्हातारा झाला असेल, किंवा सुई जास्त उघडी राहून इंधन जास्त येत असेल. अशा मिश्रणाला 'रिच' म्हणतात. या दोन्ही गोष्टी ठीक असतील, तर इंधनातले पाणी हे कारण असू शकते.

*आवाज वर-खाली होतो, सुई कुठेही ठेवली तरी सूर लागत नाही.* नळीत कचरा, टाकीत फेस किंवा कुठेतरी हवेची गळती! इथे नळी आणि जाळी आधी तपासायची.

*आवाज चढत चढत जातो, मग इंजिन तापून मंदावते.* इंधन कमी आणि हवा जास्त, म्हणजे मिश्रण 'लीन' झाले आहे. किंवा तेल कमी पडते आहे. लगेच बंद करा! तेल नसलेले इंजिन काही क्षणांत कायमचे खराब होऊ शकते. बाहेर उडणाऱ्या तेलात काळसर-राखाडी झाक दिसली, तर आत धातू झिजतो आहे असे समजा.

*बरेच महिने ठेवलेले इंजिन फिरतच नाही.* एरंडेल वाळून आत डिंकासारखे चिकटले आहे. पकड लावून जोर करू नका. ताज्या इंधनाचे चार थेंब आत सोडा आणि धीर धरा. डिंक विरघळला की ते आपोआप सुटेल.

गुन्हेगार पकडण्याची युक्ती

आता सर्वांत महत्त्वाचे. इंधनावर संशय आला, पण पुरावा कुठे आहे?

पहिली पायरी: त्याच प्रकारचे, सील न फोडलेले ताजे इंधन मिळवा. मिश्रणाचे प्रमाण तेच हवे, नाहीतर तुलना खोटी ठरेल.

दुसरी पायरी: टाकी आणि नळी पूर्ण रिकामी करा. जुन्याचा थेंबही राहू देऊ नका.

तिसरी पायरी: प्लग तोच, प्रोपेलर तोच, बॅटरी तीच. बदलायचे ते फक्त इंधन. प्लग आणि इंधन दोन्ही एकदम बदलले आणि इंजिन चालू झाले, तर दोष कुणाचा होता हे कधीच कळणार नाही.

चौथी पायरी: इंजिन सुरू करा. सुई हलक्या हाताने जुळवा. तक्रार तशीच राहिली, तर बिचारे इंधन निर्दोष! मग प्लग, गळती, कचरा अशी एकेक गोष्ट तपासा.

पाचवी पायरी: तक्रार गेली? शाबास! पण घाई नको. पुन्हा जुने इंधन भरा. तक्रार परत आली, तरच गुन्हा सिद्ध झाला. कारण पहिल्यांदा इंजिन कदाचित दुसऱ्याच कारणाने, म्हणजे नळीतला कचरा निघून गेल्यामुळे सुधारले असेल.

हे सगळे एकाच सकाळी, तासाभरात करा. हवा तापली किंवा दमट झाली की सुईची जागा थोडी बदलावी लागते. त्याचा आळ इंधनावर नको. आणि हो, एक वही ठेवा. तारीख, हवामान, डबा कधी उघडला आणि सुई किती फेरे उघडली, हे लिहीत जा. दोन महिन्यांनी ही वहीच तुमची गुरू होईल.

डिझेल इंजिनवाल्यांसाठी

काही मॉडेल इंजिने प्लगशिवाय, नुसत्या दाबावर चालतात. त्यांना मॉडेल डिझेल म्हणतात. त्यांच्या इंधनात साधारण सारख्या प्रमाणात ईथर, केरोसीन आणि एरंडेल असते. पूर्वी ऑपरेशनच्या वेळी रुग्णाला गुंगी आणण्यासाठी वापरत, तेच हे ईथर. ते 34.6 अंशांना उकळते! नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात सावलीतसुद्धा पारा याच्या वर असतो. डबा उघडा राहिला की ईथर पळाले म्हणून समजा. मग इंजिन सुरू होण्यासाठी दाबाचा स्क्रू अधिकाधिक पिळावासा वाटतो. तो मोह टाळा, नाहीतर आतला दांडा वाकेल. इथे औषध एकच: ताजे इंधन.

इंधन जपायचे कसे?

मोठ्या डब्यातले इंधन छोट्या, गच्च झाकणाच्या बाटल्यांत काठोकाठ भरून ठेवावे. अर्ध्या रिकाम्या डब्यात जितकी हवा, तितका ओलावा. जागा थंड आणि अंधारी हवी. विमानाच्या टाकीत उरलेले इंधन परत डब्यात ओतू नये. उड्डाण संपले की टाकी रिकामी करून इंजिनात शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब सोडावेत, म्हणजे गंज धरत नाही.

आई-बाबा, हे तुमच्यासाठी

मिथेनॉल हे विष आहे. थोडेसे पोटात गेले तरी माणूस आंधळा होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. ते कातडीतून आणि वाफेतूनही शरीरात शिरते. म्हणून इंधन घरी मिसळू नका, तयार सीलबंदच घ्या. ते कधीही पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ठेवू नका. बाटलीवर ठळक अक्षरांत 'विष' असे लिहा आणि ती कुलपात ठेवा. कुणाच्या पोटात गेलेच, तर त्रास सुरू होण्याची वाट न पाहता, बाटली बरोबर घेऊन तडक रुग्णालय गाठा. मिथेनॉलची ज्योत उन्हात जवळजवळ दिसतच नाही. तेव्हा काडेपेटी, सिगारेट आणि इंधन यांची भेट होऊ देऊ नका. इंजिन सुरू करताना मोठे माणूस जवळ हवेच. बोटांऐवजी काठी किंवा स्प्रिंग वापरा आणि प्रोपेलरच्या रेषेत कुणालाही उभे करू नका.

एन.सी.सी.च्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग शिकवतात. तिथे जाणारे एखादे दादा किंवा ताई ओळखीचे असतील, तर त्यांच्या हाताखाली शिकणे सर्वांत उत्तम.

एक मात्र विसरू नका. विमान जमिनीवर उभे असताना इंजिन बंद पडले, तर नुसती फजिती होते. हवेत बंद पडले, तर महिनाभराची मेहनत मातीत जाते. म्हणून संशय असलेले इंधन घालून विमान कधीही उडवू नका. शोध जमिनीवर लावा, मगच आभाळाकडे बघा!