राजवस्त्राच्या काठावरची तारीख

व्यापारात मालाइतकीच मालावरची खूणही मोलाची असते, हे आमच्या व्यापारी वाचकांना सांगावयास नको. खूण नसलेला माल सहज दुसऱ्याच्या नावावर खपतो. खुणेने काय साधते याचे जवळजवळ नऊशे वर्षांपूर्वीचे उदाहरण आज ऑस्ट्रियातील व्हिएन्नाच्या शाही खजिन्यात आहे.

ते आहे सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याचे राजवस्त्र. खांद्यावरून घ्यायचे, अर्धगोलाकार, सुमारे साडेतीन मीटर रुंद. लाल रेशमावर सोन्याच्या जरीचे भरतकाम आणि मोत्यांच्या ओळी. मधोमध खजुराचे झाड आणि दोन्ही बाजूंना उंटावर झेप घेतलेला एकेक सिंह. सोन्याची तार कापडावर मांडून ती बारीक धाग्याने टाचलेली आहे. आपल्याकडील जरदोजीचे कारागीर हे काम पाहताच ओळखतील.

राजा ख्रिस्ती, पण वस्त्राच्या गोल काठावर भरलेला मजकूर अरबी आहे, कूफी लिपीतला. राजाला सुख, यश व बरकत चिंतून त्यात सांगितले आहे की, हे वस्त्र सिसिलीच्या राजधानीत, शाही ‘खिजाना’मध्ये, हिजरी सन ५२८ मध्ये तयार झाले. ५२८ म्हणजे इसवी सन ११३३-३४. आपला ‘खजिना’ हा शब्दही याच अरबी धातूपासून आलेला आहे.

सिसिलीची राजधानी पालेर्मो ८३१ ते १०७२ मुसलमानांच्या ताब्यात होती. नंतर नॉर्मन आले. राज्य बदलले, पण कारखाने चालूच राहिले. कापडावर शासकाचे नाव, गाव व साल घालणाऱ्या अशा कारखान्यांना मुस्लिम जगतात ‘तिराज’ म्हणत. नॉर्मन राजांनी ही पद्धत जशीच्या तशी उचलली.

आता या तारखेची करामत पाहा. ११४७ मध्ये रॉजरच्या आरमाराने ग्रीसमधील थीब्ज व कॉरिंथ ही शहरे लुटली आणि तेथील रेशीम कारागीर पालेर्मोला आणले. पालेर्मोला रेशमाची कला याच कारागिरांनी शिकवली, असे त्या काळच्या एका जर्मन इतिहासकाराने लिहून ठेवले. पण राजवस्त्रावरची तारीख त्याच्या तेरा-चौदा वर्षे आधीची! रेशमावरील इतके पक्के काम शाही कारखान्यात आधीपासून होत होते, याची साक्ष काठच देतो. तारीख नसती तर हे श्रेयही ग्रीकांच्या खात्यावर जमा झाले असते.

पुढे ११९४ मध्ये सिसिली जर्मन सम्राटाकडे गेली आणि हे वस्त्र सम्राटांच्या राज्याभिषेकाचे वस्त्र बनले. १७९२ मध्ये दुसऱ्या फ्रान्सिसच्या राज्याभिषेकातही ते वापरले गेले. इकडे तेराव्या शतकात सिसिलीचे मुसलमान हद्दपार होऊन इटलीत लुचेरा येथे वसवले गेले आणि १३०० मध्ये ती वस्तीही मोडण्यात आली. माणसे गेली, त्यांची अक्षरे मात्र ख्रिस्ती सम्राटांच्या अंगावर शतकानुशतके मिरवत राहिली.

तरीही एक उणीव राहिलीच. काठावर राजधानी आहे, कारखाना आहे, साल आहे. कारागिराचे नाव नाही. पन्नास वर्षांनी अंदलुसचे प्रवासी इब्न जुबैर हजहून परतताना सिसिलीत उतरले. राजाच्या कारखान्यात जरीकाम करणाऱ्या याह्या इब्न फित्यानचे नाव त्यांच्या प्रवासवर्णनात आले, म्हणून तेवढे एक नाव आपल्याला ठाऊक आहे.

मुंबईच्या गल्ल्यांत अड्ड्यावर वाकून बसणाऱ्या जरी कारागिरांत आपले बांधव मोठ्या संख्येने आहेत. त्यांचे काम परदेशी कंपन्यांच्या नावाने विकले जाते. लखनौच्या जरदोजीला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे गावाची खूण मिळाली. पण खुणेची सुरुवात कायद्यापासूनच व्हायला हवी असे नाही. ज्यांचे स्वतःचे कारखाने आहेत त्यांना आमची विनंती एवढीच की, मालाच्या आतल्या बाजूस गाव, साल आणि हात लावणाऱ्याचे नाव भरा. दोन बोटे कापड आणि घटकाभर वेळ, एवढाच त्याचा खर्च आहे.