भांडवल नाहीं, ही सबब

हिंदुस्थानांत कारखाने वेळेवर कां उभे राहिले नाहींत, असें विचारतांच 'भांडवल नव्हतें' हें ठराविक उत्तर मिळतें. आम्हांस तें पटत नाहीं. १९०७ सालीं टाटांच्या पोलादाच्या कारखान्यास लंडनच्या बाजारांत पैसा मिळेना, तेव्हां मुंबईंत शेअर विक्रीस काढले. अवघ्या ३ आठवड्यांत सुमारें ८,००० लोकांनीं सारी रक्कम भरली. पैसा होता, तो सोन्यांत, जमिनींत आणि सावकारींत अडकला होता, कारण तेथें मुद्दल बुडण्याची धास्ती कमी. बरें, जो धाडस करी त्याची वाट तरी मोकळी होती काय? १८९६ सालीं सरकारनें परदेशी कापडावर शेंकडा ३॥ जकात ठेवली, आणि तेवढाच कर देशी गिरण्यांच्या कापडावरहि बसविला; कां, तर लँकेशायरास तोशीस लागूं नये! हा कर डिसेंबर १९२५ मध्यें तहकूब होऊन १९२६ सालीं रद्द झाला. तोंवर तीस वर्षें गेलीं. सरकारचा दोष उघड आहे. परंतु त्याचेंच चर्वण करणाऱ्या आमच्या व्यापारी बंधूंस आम्ही विचारतों: गांवच्या होतकरू कारागिरास यंत्रासाठीं कर्ज देतांना आजहि आपण प्रथम त्याच्या घरचे दागिनेच कां मागतां?