काल्मारचा संघ: राजा एक, राज्यं तीनच

1397 मध्ये डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन विलीन होऊन एक देश झाला, असं सर्रास लिहिलं जातं. तसं कधीच झालं नाही. राजा एक होता. कायदे आणि उमरावांच्या राज्यपरिषदा तिन्हीकडे वेगळ्याच राहिल्या.

त्या जूनमध्ये स्वीडनमधल्या काल्मारला किशोरवयीन एरिकला राज्याभिषेक झाला. त्याचा दस्तऐवज चर्मपत्रावर आहे, मोहरा रीतसर लटकवलेला. संघाचा करारनामा मात्र साध्या कागदावर: नावं सतरा जणांची, मोहरा दहाच, त्याही कागदावरच दाबलेल्या. तो पक्का करार की नुसता मसुदा, यावर इतिहासकार अजून भांडतात. पण प्रत्येक राज्य आपापल्या कायद्याने चालेल, हे त्यातही स्पष्ट लिहिलं आहे.

डेन्मार्कने स्वीडन जिंकून घेतला, हाही गैरसमजच. आपल्याच राजाला, अल्ब्रेख्टला, विटलेल्या स्वीडिश उमरावांनी 1388 मध्ये डेन्मार्क आणि नॉर्वेची सत्ता सांभाळणाऱ्या मार्गारेटला बोलावलं. पुढल्या वर्षी तिच्या सैन्याने अल्ब्रेख्टला कैद केलं. एरिक तिच्या बहिणीचा नातू. 1412 मध्ये ती वारली तोवर खरी सत्ता तिच्याच हाती होती.

एरिकला मात्र हा डोलारा पेलला नाही. डेन्मार्कच्या दक्षिणेकडच्या श्लेस्विगसाठी तो वर्षानुवर्षं लढत राहिला, त्यात हान्साच्या व्यापारी शहरांशी वैर ओढवून घेतलं. समुद्री व्यापार तुंबला, स्वीडनचं लोखंड आणि तांबं विकलं जाईना, वर करांचा बोजा आणि परके अंमलदार. 1434 मध्ये खाणपट्ट्यातल्या एंगेलब्रेक्टने बंड पुकारलं. एरिकची गादी गेली.

इथून पुढची कहाणी स्वीडिश विरुद्ध डॅनिश अशी सांगितली जाते, ती मला पटत नाही. 1471 मध्ये डॅनिश राजाविरुद्ध झालेल्या ब्रुंकेबर्गच्या लढाईत स्वीडिश माणसं दोन्ही बाजूंना होती.

1520 मध्ये डेन्मार्कचा राजा ख्रिश्चन दुसरा याने स्टॉकहोममध्ये राज्याभिषेकाच्या मेजवान्या संपता संपता ऐंशीहून अधिक जणांची मुंडकी उडवली. त्यात गुस्ताव वासाचे वडीलही होते. या कत्तलीने संघ मोडला म्हणतात, पण त्याआधीची कित्येक दशकं तो नावापुरताच उरला होता. 1523 मध्ये हान्सातल्या ल्युबेकच्या जहाजांच्या बळावर गुस्ताव स्वीडनचा राजा झाला. त्याच वर्षी खुद्द डॅनिश उमरावांनीही ख्रिश्चनला हाकललं. नॉर्वे मात्र 1814 पर्यंत डेन्मार्ककडेच राहिला. तो सुटला तेव्हाही आइसलँड, फेरो आणि ग्रीनलँड हे त्याचे जुने मुलूख डेन्मार्कने स्वतःकडेच ठेवले.