शिवणयंत्र रुसते तेव्हा



मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. शिवणयंत्राविषयी बोलण्याचा तुमचा अधिकार काय, असे कुणी विचारील, तर तो एवढाच की एक चांगली चालणारी मशीन मी स्वतःच्या हाताने बिघडवलेली आहे. ती कशी बिघडवली, आणि माझा हात लागण्यापूर्वी ती मुळी बिघडलेलीच नव्हती हे मला कसे कळले, ते आज सांगणार आहे.

गोंदियाला आमच्या शेजारी एक वहिनी राहतात. त्यांचे घर त्यांच्या मशीनवर चालते. आमच्या भागात ऊन कडक, म्हणून शाळा जूनच्या उत्तरार्धात उघडतात. त्याआधीचे पंधरा दिवस म्हणजे शिवणकाम करणाऱ्या बाईची सुगीच. तिकडे शेतकरी धानाचे पऱ्हे टाकण्याच्या घाईत, इकडे वहिनी गणवेशांच्या घाईत. अशाच एका संध्याकाळी त्या दारात आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, मशीन टाकाच धरत नाही. एखादा धरला तर पुढचे चार सोडते. सोमवारी चौदा गणवेश द्यायचेत. बघता का जरा?"

शिकलेल्या माणसाला 'मला यातले कळत नाही' हे वाक्य फार जड जाते. मी पेचकस घेऊन गेलो. वरच्या टेन्शनचा पेच पिळला, टाका आला नाही. मग बॉबिन केसचा बारीक पेच फिरवला. मग फूटचा दाब कमी केला, टाक्याची लांबी वाढवली. दोन तासांनी टाके सुटायचे ते सुटतच होते, शिवाय कापडाखाली दोऱ्याची जाळी होऊ लागली होती.

दुसऱ्या दिवशी बाजारातले मिस्त्री आले. त्यांनी पेचकसाला हात लावला नाही. आधी विचारले, "बिघडण्याआधी शेवटचं काय बदललं?" वहिनींना आठवले, वीज गेली होती, तेव्हा मुलीने मेणबत्तीच्या उजेडात सुई बदलली होती. मिस्त्रींनी सुई काढली, फिरवून बसवली, आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "मशीन नाही बिघडली जी, सर. सुई तेवढी उलटी लागली." सुईला अर्धे मिनिट लागले. मी हलवलेले पेच जागेवर आणायला पाऊण तास लागला. सोमवारी बारा गणवेश गेले. दोन मुलांना पहिल्या दिवशी गेल्या वर्षीचे आखूड कपडे घालून शाळेत जावे लागले. वहिनी मला काही बोलल्या नाहीत, पण मला ते लागले.

मी वर्गात मुलांना काय शिकवतो? व्यतिरेक पद्धती. कारण शोधायचे तर बाकी सारे तसेच ठेवून एका वेळी एकच गोष्ट बदलावी, असे मिल या इंग्रज तत्त्वज्ञाने 1843 साली आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात मांडले. मी एकदम चार गोष्टी बदलल्या होत्या. मिस्त्रींनी मिलचे नाव ऐकले नसेल, पण त्याची पद्धत त्यांच्या हातात होती.

तेव्हापासून मी ही मशीन समजून घेतली. ती टाका कसा घालते, हे एकदा ध्यानात आले की निम्मी दुरुस्ती झालीच म्हणून समजा. हाताने शिवताना आपण सगळा दोरा कापडातून आरपार ओढतो. यंत्राला ते जमत नाही. यावर अमेरिकेतल्या इलायस होव याने 1846 साली ज्या यंत्राचे पेटंट घेतले, त्यात सुईचे नेढे टोकाजवळ होते आणि दुसरा दोरा विणकराच्या धोट्यासारख्या एका धोट्यातून येत होता. आपल्या घरातल्या मशीनचे तत्त्व आजही तेच आहे. सुई दोरा घेऊन कापडाखाली जाते. अगदी खाली पोचून ती किंचित, म्हणजे दोन-अडीच मिलिमीटर वर आली की दोऱ्याचा एक छोटा फास सुईच्या पाठीशी तयार होतो. तेवढ्यात शटलचे टोक येऊन तो फास उचलते, बॉबिनभोवती फिरवते, आणि वरचा दांडा दोरा ओढून गाठ कापडाच्या मधोमध बसवतो.

हा फास एकाच बाजूला का होतो? सुई नीट पाहा. तिच्या अंगावर एका बाजूने लांब खाच असते. त्या बाजूचा दोरा खाचेत लपून सहज सरकतो. उलट बाजूचा दोरा कापडाशी घासून अडतो आणि तिथे फास फुगतो. म्हणून नियम असा की दोरा लांब खाचेच्या बाजूने ओवायचा आणि सुईच्या डोक्याची सपाट बाजू शटलकडे ठेवायची. सुई उलटी लागली की फास भलत्याच बाजूला होतो आणि शटलच्या टोकाला काही सापडत नाही. सुई वरपर्यंत न ढकलता बसवली किंवा ती वाकलेली असली, तरी परिणाम तोच. वाकलेली सुई ओळखायची तर तिची सपाट बाजू काचेवर टेकवा. काच आणि सुई यांमधली फट टोकापर्यंत सारखी दिसली पाहिजे.

सुईचा नंबरही पाहावा. मलमलीसारख्या पातळ कापडाला 11, साध्या सुती कापडाला 14, जाड कापडाला 16 किंवा 18. पाकिटावर 90/14 असे लिहिलेले असते. त्यातला 90 म्हणजे सुईची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत. पातळ कापडात जाड सुई घातली की ती भोके पाडते. जाड कापडात पातळ सुई घातली की ती वाकते, मोडते आणि दोष मशीनला लागतो.

आता नेहमीच्या तक्रारी घेऊ.

पहिली, कापडाखाली दोऱ्याची जाळी. गोंधळ खाली दिसतो म्हणून आपण खालच्या बॉबिनला दोष देतो. पण खालची जाळी ही बहुधा वरच्या दोऱ्याची तक्रार असते. वरचा दोरा सैल पडला की तो खाली ओढला जातो आणि तिथे साठतो. अशा वेळी पेच पिळण्याआधी वरचा दोरा पूर्ण काढून पुन्हा ओवावा, आणि ओवताना फूट वर उचललेला असावा. फूट वर असला की टेन्शनच्या चकत्या उघडतात आणि दोरा त्यांच्यामध्ये बसतो. फूट खाली असताना ओवला तर दोरा चकत्यांच्या बाहेरच राहतो. मग पेच कितीही पिळा, दोरा ताणणार कोण? याउलट कापडाच्या वरच्या अंगाला खालचा दोरा दिसू लागला, तर वरचा दोरा फार ताणलेला आहे किंवा खालचा सैल आहे.

खालचा ताण पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. भरलेली बॉबिन केसमध्ये घालून दोऱ्याला धरून लोंबती ठेवा. आपोआप घसरत खाली गेली तर दोरा सैल आहे. हलका झटका दिल्यावर थोडीशी उतरून थांबली तर ताण ठीक. फरक करायचा झाला तर त्या पेचाला घड्याळाच्या काट्याच्या पाव फेऱ्याहून अधिक एका वेळी फिरवू नये.

दुसरी, दोरा वारंवार तुटतो. दोरा जुना आणि कच्चा आहे का, सुईच्या नेढ्याला धार आली आहे का, सुईखालच्या पाटीच्या भोकाला ओरखडे पडले आहेत का, ते पाहा. शिवाय पायाने मशीन चालवायला शिकणाऱ्याकडून चाक उलटे फिरते. चाकाचा वरचा भाग नेहमी आपल्याकडे यायला हवा. उलटे फिरले की दोरा गुंततो आणि तुटतो.

तिसरी, कापड पुढे सरकत नाही. सुईखालची पाटी काढून दाते पाहा. त्यांच्या फटींत धाग्यांचा भुसा घट्ट बसलेला सापडेल. जुन्या दात घासायच्या ब्रशने तो काढावा. फुंकर मारू नये, फुंकरीतली वाफ लोखंडाला लागते. टाक्याची लांबी शून्यावर आली नाही ना, तेही पाहावे.

चौथी, चाक फिरते पण सुई हलत नाही. बॉबिन भरताना आपण चाकाच्या मधला गोल पेच सैल करतो, तो परत आवळायचा राहून जातो. एवढ्याशा कारणासाठी मशीन डोक्यावर घेऊन बाजार गाठलेली माणसे मी पाहिली आहेत.

पाचवी, मशीन जड चालते. पावसाळ्यात आमच्याकडे हवा दमट, महिनोन् महिने बंद राहिलेल्या मशीनला गंज धरतो. त्यावर कुणी खोबरेल घालते, कुणी फोडणीचे तेल. ही तेले कालांतराने आटून डिंकासारखी चिकट होतात आणि मशीन आणखी आखडते. शिवणयंत्राचे पातळ, पांढरे तेलच वापरावे, प्रत्येक भोकात एकदोन थेंब. आधीच चिकटलेली असेल तर रॉकेलचे थेंब घालून थोडा वेळ रिकामी चालवावी, बाहेर आलेला काळा मळ पुसावा, आणि मगच तेल द्यावे. जवळपास दिवा किंवा चूल नसावी. तेल दिल्यावर आधी चिंधीवर शिवून पाहावे, नाहीतर पहिला डाग गिऱ्हाइकाच्या कापडाला लागतो. आणि मशीनला मोटर लावलेली असेल तर कोणत्याही कामाआधी प्लग काढावा.

तर क्रम असा लक्षात ठेवा. शेवटचे काय बदलले ते आठवा. नवी सुई नीट बसवा. दोरा वरून खाली पुन्हा ओवा. भुसा काढा. तेल द्या. प्रत्येक पायरीनंतर चिंधीवर चार बोटे शिवून पाहा. एवढे करूनही भागले नाही तरच पेचाला हात लावा, आणि लावण्याआधी पेन्सिलीने त्याच्या जागेची खूण करा, म्हणजे परत येण्याची वाट राहील. शटलचे टोक मोडले असेल, किंवा सुई आणि शटल यांची वेळ चुकली असेल, तर ते काम मिस्त्रींचे. तिथे थांबण्यात कमीपणा नाही.

यंत्रांविषयी कठोर बोलणाऱ्या गांधीजींनी 1924 साली एका संभाषणात शिवणयंत्राला मात्र अपवाद केला होता. माणसाचे श्रम वाचवणारे, पण माणसाला निकामी न करणारे यंत्र त्यांना मान्य होते. 1936 साली ते आमच्याच विदर्भात, वर्ध्याजवळच्या सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला आले. मला वाटते, यंत्र माणसाच्या ताब्यात राहायचे असेल तर ते कशावर चालते आणि कशाने अडते हे चालवणाऱ्याला ठाऊक हवे. आज बचत गटांतून आणि सरकारी योजनांतून कितीतरी घरांत मशीन येते. शिवायला शिकवणारे भेटतात, पण रुसलेल्या मशीनला बोलते करायला शिकवणारे क्वचितच भेटतात.

वहिनींच्या मुलीने मात्र ते शिकून घेतले आहे. मशीनच्या खणात तिने एक कागद चिकटवला आहे. त्यावर सुईचे चित्र आहे, लांब खाच कोणत्या बाजूला ते दाखवणारा बाण आहे, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिले आहे : 'आधी सुई पाहा. मगच सरांना बोलवा.' पुढच्या जूनमध्ये गणवेशांच्या दिवसांत मला कुणी बोलावले नाही. सगळे गणवेश वेळेवर गेले.